चांदूर बाजारचा पिवळा कॅमेरा

नवीन गिऱ्हाईक दुकानात शिरलं की आधी माझ्याकडे बघायचं, मग माझ्या मागच्या भिंतीकडे, मग पुन्हा माझ्याकडे, आणि विचारायचं, "मेकॅनिक कुठं गेले बाई?"

मी म्हणायची, "तुमच्यासमोर बसलाय, साडी नेसून. काय बिघडलं ते काढा बाहेर."

काही जण हसायचे. काही जण कॅमेऱ्याची पिशवी पोटाशी धरून "नंतर येतो" म्हणून सटकायचे. आणि यायचेही, कारण शटर खोलून ते परत जसंच्या तसं बसवणारं दुसरं माणूस अमरावतीत त्यांना सापडायचं नाही. परत आल्यावर मी मुद्दाम विचारायची, "काय भाऊ, मेकॅनिक भेटला का?" तोंड फटकळ आहे माझं, ते मला माहीत आहे. आमच्याकडे बोलणं असंच असतं. पुण्याच्या गिऱ्हाइकांना वाटायचं बाई भांडायला उठली.

माझे वडील घड्याळजी. घड्याळाचा चिमटा आणि डोळ्याला लावायचं भिंग यांच्यावरच मी कॅमेरे शिकले. कॅमेऱ्याच्या आत बघितलं नसेल तर सांगते, ते घड्याळच असतं जवळजवळ. स्प्रिंगा, दातेरी चाकं, आणि एक पडदा, जो डोळ्याची पापणी लवावी तसा उघडून मिटतो. आमच्या वऱ्हाडातल्या उन्हानं आतलं तेल पातळ होऊन त्या पडद्यावर पसरतं आणि पडदा चिकटतो. पावसाळ्यात भिंगाला बुरशी धरते. एवढ्या दोन दुखण्यांवर माझं घर चाललं, धाकट्या भावाचं शिक्षण झालं.

मग मोबाइल आले आणि धंदा बसला. दुकान विकावं असं मनात चाललं होतं, तेवढ्यात एक नवीनच जमात उगवली. कॅमेरे जमवणारे लोक. यांना फोटो काढायचे नसतात. यांना कॅमेरा पाहिजे असतो. त्यातही लिमिटेड एडिशनचा.

म्हणजे काय, तर कंपनी काहीतरी निमित्त काढते, आमच्या कंपनीला इतकी वर्षं झाली वगैरे, आणि त्या निमित्तानं एका घडणीचे मोजकेच कॅमेरे बनवते. आतलं यंत्र साध्या कॅमेऱ्यात असतं तेच. वरून मात्र सोन्याचा मुलामा, नाहीतर कसलं तरी भारी कातडं, आणि वरच्या पत्र्यावर कोरलेला नंबर. तेवढ्यावर किंमत कुठल्या कुठं जाते. गंमत पुढंच आहे. ज्या कॅमेऱ्यानं एकही फोटो काढला नाही त्याला सगळ्यात जास्त भाव. वापरला की उतरला. पुसला तरी उतरला, चुकीच्या फडक्यानं पुसला असेल तर. हे सगळं मी आईला समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हंजे लोणचं घालाचं अन् बरनी उघडाचीच नाई?"

तसंच आहे ते.

मोबाइलवरचे व्हिडिओ बघून लोक काय काय घेऊन यायचे! एक पोट्टा प्लॅस्टिकचा, लग्नात अहेर म्हणून वाटतात तसला कॅमेरा घेऊन आला. "मावशी, हे लिमिटेड एडिशन हाय. किती येईन?"

"बाबू," मी म्हटलं, "हा इतका लिमिटेड हाय का कोनालेच नको." तरी तो बिचारा तासभर बसून राहिला, मी भाव वाढवीन असं त्याला वाटलं असावं. शेवटी मी त्याला चहा पाजला आणि घरी पाठवला. एक गुरुजी होते, त्यांनी कॅमेरे उंदरांपासून वाचावेत म्हणून गव्हाच्या कोठीत कडुनिंबाच्या पाल्यात पुरून ठेवले होते. गहू उत्तम राहिला. भिंगं सगळी बुरशीनं गेली. ते भिंग उजेडासमोर धरून मी त्यांना दाखवलं तर म्हणाले, "ताई, पण किडा लागला नाई ना?"

आणि माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक म्हणजे अकोल्याचे वकीलसाहेब. आता निवृत्त झालेत. मोर्णा नदीच्या पलीकडे, जुन्या शहरातल्या एका बोळात त्यांचं घर. खालच्या खोलीत मुलाचा संसार, वरच्या खोलीत कॅमेरे. त्या खोलीत चप्पल नाही, अगरबत्ती नाही, फोडणी तर मुळीच नाही. कॅमेरा हातात घ्यायचा तो सुती मोजे घालून. त्यांच्या बाई चहा घेऊन दाराशीच थांबतात आणि मला म्हणतात, "ताई, लग्नाले एवढी वर्सं झाली, मले कदी इतकं संभाळून धरलं नाई याइनं." वकीलसाहेब ऐकून न ऐकल्यासारखं करतात. माणूस मात्र सोन्यासारखा. भाव करताना कधी फसवलं नाही, आणि "नाही" म्हणायचं असेल तर तोंडावर म्हणतात.

या लोकांच्या जिवावर माझं दुकान दुसऱ्यांदा उभं राहिलं, तेव्हा त्यांना नावं ठेवणं मला शोभत नाही. तरी एक खंत आहेच. आयुष्यभर मी बंद पडलेले कॅमेरे चालू केले, आणि उतारवयात चालू कॅमेरे अशा लोकांच्या कपाटात पोचवले जिथं ते कधी चालणार नाहीत. दुरुस्त केलेल्या शटरचा पहिला 'खट्ट' आवाज कानाला किती गोड लागतो म्हणून सांगू! तो आवाज मीच शेवटचा ऐकला असे माझे पुष्कळ कॅमेरे आहेत.

आता चांदूर बाजारची गोष्ट सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय माझं काम काय होतं ते कळायचं नाही.

एक दिवस नामदेवराव एसटीनं अमरावतीला आले, माझ्या दुकानात. चांदूर बाजारात त्यांचा फोटो स्टुडिओ. वय झालेलं, बोलणं कमी, ऐकू येणं त्याहून कमी. मी त्यांना फार आधीपासून ओळखत होते. त्यांचा मुलगा माझ्याकडे यायचा कॅमेरे घेऊन. तो दोन वर्षांपूर्वी आजारपणात गेला. आजारपणातच त्याचा डिजिटल कॅमेरा विकावा लागला, आणि तेव्हापासून स्टुडिओचं शटर खालीच होतं. मागे राहिलेली सून, सविता, नवऱ्याच्या हाताखाली शिकून तयार झालेली. लग्नाचे फोटो काढायची, व्हिडिओ जोडायची. तिला स्टुडिओ पुन्हा उघडायचा होता. तुळशीचं लग्न झालं की सीझन सुरू होतो. त्याआधी हातात कॅमेरा पाहिजे. तो नव्हता.

"पिवळा कॅमेरा इकाचा हाय," नामदेवराव म्हणाले. "सवितासाठी."

पिवळा कॅमेरा अख्ख्या तालुक्याला ठाऊक होता. लग्नातले सगळे फोटो ते साध्या कॅमेऱ्यानं काढत. अंतरपाट खाली पडायची वेळ आली की पिशवीतून तो पिवळा कॅमेरा निघायचा, आणि माळ गळ्यात पडतानाचा तेवढा एक फोटो त्याच्यावर. मग तो परत पिशवीत. पोरीचे बाप आधीच बजावून ठेवायचे, "नामदेवभाऊ, पिवळा आनजा बरं." लोकांना वाटायचं पितळेचा आहे.

नामदेवराव टेबलावर वाकले आणि हळूच म्हणाले, "पितळेचा नाई तो. सोन्याचा मुलामा हाय."

परतवाड्याच्या एका डॉक्टरांनी तो परदेशातून आणला होता. त्यांची आई अंथरुणाला खिळली होती तेव्हा नामदेवरावांनी तिचे फोटो काढून दिले आणि पैसे घेतले नाहीत. डॉक्टरांनी गाव सोडताना कॅमेराच त्यांच्या हातात दिला. चोराचिलटाच्या भीतीनं त्यांनी सोन्याचं कोणाला सांगितलं नाही. घरातही नाही.

मी दुसऱ्याच दिवशी चांदूर बाजारला गेले. कॅमेरा उचलून दाराशी उजेडात नेला. एका जर्मन कंपनीचा, नंबर कोरलेला. दर दसऱ्याला खंडेनवमीच्या पूजेत कात्री, ट्रायपॉड यांच्याबरोबर तोही मांडला जायचा, त्यामुळे वर हळदीकुंकवाचा थर बसून काळपट झाला होता, कोरलेल्या अक्षरांत कुंकू भरलं होतं. पण खाली सोनं शाबूत! कुंकवाची मला चिंता नव्हती. मऊ ब्रश आणि धीर असला की ते निघतं.

"मी घेऊन जाते, साफ करते," मी म्हटलं.

"दसरा झाल्यावर," नामदेवराव म्हणाले. "पूजेच्या आदी घरातलं हत्यार बाहेर जात नाई."

त्यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. माझ्या वडिलांचा चिमटाही दसऱ्याआधी कधी उंबऱ्याबाहेर गेला नाही. मी मोबाइलवर फोटो काढले आणि त्यांच्या कानाशी वाकून चांगलं मोठ्यानं बजावलं, "याले कोनी हात लावू नका. जसा हाय तसा ठेवा." त्यांनी मान हलवली. सविता तेव्हा घरी नव्हती.

फोटो वकीलसाहेबांना पाठवले. त्यांच्याकडे याच घडणीचा एक कॅमेरा आधीपासून होता, पण त्याचा मुलामा ठिकठिकाणी उडालेला, म्हणून त्यांना आणखी चांगला पाहिजे होता. त्यांचा फोन लगेच आला. आवाजच बदलला होता माणसाचा. भाव त्यांनी स्वतःहून चांगला सांगितला. त्यात सविताचा कॅमेरा, लेन्सा, लाइटा, सगळं येऊन वर उरत होतं. मी नामदेवरावांना फोन केला तर पलीकडून सविताच बोलली. "ताई, खरंच घेतेत का ते?" एवढंच तिनं तीनदा विचारलं.

दसरा झाला. वकीलसाहेब अकोल्याहून गाडी घेऊन आले, वाटेत मला घेतलं. मोजे खिशात, भिंग खिशात, अंगावर ठेवणीतला सदरा. मुलगी बघायला निघाल्यासारखे दिसत होते. रस्ताभर मला विचारत होते, "कुंकू निघन ना ताई? नक्की निघन ना?"

घरी पोचलो. अंगणात दिवाळीची भांडी घासणं चाललं होतं. तांबे, पराती, समया, सगळं उन्हात उपडं घातलेलं, नुसतं लखलखत होतं. नामदेवरावांनी आम्हाला बसवलं. त्यांच्या मालकीण कमलाबाईंनी पाणी दिलं. आणि सविता आतून आली. हातात ताट, ताटात विणलेला रुमाल, रुमालावर कॅमेरा.

चमकत होता. अंगणातल्या परातीसारखाच चमकत होता.

वकीलसाहेबांनी मोजे घालायला खिशात हात घातला होता, तो खिशातच राहिला.

"काय केलंस वं हे?" मी ओरडलेच.

"घासला ताई," सविता आनंदानं म्हणाली. "पार काळा पडला होता. चिंच लावली, मंग विटकरीची भुकटी. कुंकू तर निघूनच नाई राहिलं होतं, काथ्यानं काढलं."

"अवं पण कोनं सांगतलं होतं तुले!"

तिचा चेहरा उतरला. "कोनी नाई. पावने येनार होते. घरातली मळकी वस्तू पावन्याच्या हातात कशी देऊ?"

कोणाचंही घर असतं तरी हेच झालं असतं. पाहुणा येणार म्हणून माझ्या आईनंही हेच केलं असतं, आणि वरून मला विचारलं असतं, चांगला निघाला ना म्हणून.

नामदेवराव कॅमेऱ्याकडे बघत होते. तसेच बघत म्हणाले, "तो सोन्याचा होता, पोरी."

"मामाजी, तुमीच तर पितळेचा म्हनत होते! हेबी पितळेचाच म्हनत." नवऱ्याबद्दल बोलत होती ती. मग तिला उमगलं. ताट समोर ठेवून ती खाली बसली. रडली नाही. आपल्या बोटांकडे बघत राहिली. बोटं अजून चिंचेनं पांढरी पडलेली होती. मला इतकं वाईट वाटलं की मघाशी ओरडले तो आवाज गिळून टाकता आला असता तर गिळला असता.

वकीलसाहेबांनी मोजे घातले नाहीत. उघड्या हातानंच कॅमेरा उचलला, भिंग लावलं, सावकाश फिरवून बघितला. मुलामा कागदापेक्षाही पातळ असतो. तो गेला होता, खालचं पितळ उघडं पडलं होतं, नंबरातले मधले आकडे विटकरीनं झिजले होते. त्यांनी तो रुमालावर अलगद ठेवला.

"भाऊ," ते नामदेवरावांना म्हणाले, "याच्यात आता माह्या कामाचं काई उरलं नाई. वाईट वाटून राहिलं मले. पन खोटं कसं बोलू?"

"नाई नाई, बरोबर हाय तुमचं," नामदेवराव म्हणाले. "चहा तर घ्या."

चहा झाला. वकीलसाहेबांच्या हाताला चिंचेचा वास लागला होता, म्हणून ते हात धुवायला आत गेले. गेले ते येईचनात. मग आतून हाक आली, "ताई, जरा इकडे या."

मधल्या खोलीत भिंतीत देवघर होतं. वकीलसाहेब त्याच्यासमोर उभे होते. बघते तर देव एका लाकडी डब्यात बसलेले. गुळगुळीत, गडद लाकूड, नाजूक कड्या, आत लाल मखमल. मखमलीत कॅमेऱ्याच्या आकाराचा खळगा, त्या खळग्यात रांगता बाळकृष्ण, शेजारी अन्नपूर्णा, खंडोबाचा टाक. उघडं झाकण मागे प्रभावळीसारखं उभं, आणि त्याच्यावर हळदीकुंकवातून डोकावणारी त्या जर्मन कंपनीची मोहोर.

कॅमेऱ्याच्या मूळ डब्याबद्दल मी पहिल्या भेटीतच विचारलं होतं. नामदेवराव म्हणाले होते, "डबा कामात गेला." आपल्याकडे डबा कामात गेला म्हणजे त्यात मिरच्या तरी भरलेल्या असतात, नाहीतर सुईदोरा. मी पुढं विचारलंच नव्हतं.

बाहेरच्या माणसाला नवल वाटेल, पण जमवणाऱ्यांच्या जगात रिकाम्या डब्यालाही मोठी किंमत असते. लोक कॅमेरा जपतात आणि डबा फेकतात, म्हणून डबे मिळत नाहीत. वकीलसाहेबांकडचा कॅमेरा होता तो विना डब्याचा. विना डब्याचा म्हणजे त्यांच्या हिशेबी अर्धाच. त्यांनी माझ्या कानात आकडा सांगितला. कॅमेऱ्याला देणार होते तेवढा नव्हता, निम्म्याहून बरा होता. त्यात नवा कॅमेरा येत नव्हता, पण माझ्या दुकानात कमी वापरलेला एक चांगला पडून होता, तो आणि एक फ्लॅश नक्की येत होता. सविताचा सीझन वाचत होता.

फक्त कोणीतरी ते बोलायला पाहिजे होतं. आयुष्यात कोणाला काही बोलायला मी कचरले नाही, पण तिथं माझी जीभ उचलेना. देवांच्या बुडाखालची जागा मागायची कशी?

वकीलसाहेबच मागे सरले. "राहू द्या ताई. मी काई पाह्यलंच नाई असं समजा. आपल्या छंदासाठी देवाले उठवनारा मी कोन?"

"काय पाह्यलं?"

मागे कमलाबाई उभ्या होत्या. लपवण्यात अर्थ नव्हता. मी सगळं सांगितलं, डब्याचं, आकड्याचं, दुकानातल्या कॅमेऱ्याचं. त्यांनी एकच विचारलं, "त्याच्यात इचं काम सुरू होते?"

"होते," मी म्हटलं.

त्यांनी हात धुतले. पदर खोचला आणि देवघरासमोर बसल्या. बाळकृष्ण उचलला, पदरानं पुसला, ताम्हणात ठेवला. मग अन्नपूर्णा. मग टाक. मखमलीवर देवांच्या जागी तिघांचे खोल ठसे उमटलेले होते, कुंकवानं भरलेले. रिकामा डबा त्यांनी दोन्ही हातांनी कपाळाला लावला आणि वकीलसाहेबांपुढे धरला. वकीलसाहेबांनी मोजे घातले नाहीत, भिंग काढलं नाही. तसाच छातीशी घेतला. मी सवयीनं म्हणून गेले, "मखमल मी साफ करून देईन."

"नाई," ते म्हणाले, "हे असंच राहीन." त्यांचे डोळे भरून आले होते. डागाला भाव कमी करणाऱ्या माणसाच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

सविता धावत आली. ताम्हणातले देव बघून तिनं सासूचा हात धरला. "आई, नका देऊ. चूक माही हाय. देवाची जागा काहून काढता?" आणि इतका वेळ न रडलेली ती पोर तेव्हा रडायला लागली.

"देवाची जागा!" कमलाबाई म्हणाल्या. "देव ताम्हनातबी बसतेत, पाटावरबी बसतेत. दोन वर्सं झाले, मी रोज त्याइच्यासमोर उभी राह्यते, अन् तू मागं भिंतीले टेकून रिकामी बसली असते. काय मागू मी त्याइले? लाज वाटते मले." त्यांनी आपल्याच पदरानं तिचं तोंड पुसलं, जसा बाळकृष्ण पुसला तसंच, जरा जोरात. "आता रडू नको. ऊठ, तेलाची बाटली घे. स्टुडिओच्या शटरचं कुलूप गंजलं असन."